सतरा चौकटी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. त्या दिवशी मला सगळे हसले, आणि त्यांच्यात मीही हसलो होतो.

अंधेरीचं आमचं ऑफिस. परदेशातल्या जुन्या इमारतींचे फोटो, मोजमापं येतात. आम्ही नकाशे काढतो. तेव्हा पोलंडमधल्या एका गिरण्यांच्या शहराचं काम होतं. लाल विटांच्या गिरण्या, धुराडी, मालकाचा महाल, मागे कामगारांच्या खोल्या. आमचं लालबागच, फक्त थंडीतलं. त्या खोल्यांचं हॉटेल व्हायचं होतं. मी सतरा दारांच्या उजव्या चौकटीवर एकेक तिरकी खाच दाखवली होती. बोटभर लांब, खांद्याच्या उंचीला.

मीटिंगमध्ये साहेबांनी नकाशा पडद्यावर लावला. पलीकडे पोलंडची माणसं, अलीकडे अख्खं ऑफिस.

"हे ओरखडे कशाला दाखवलेस रे?" मग सगळ्यांकडे वळून, "गिरणी कामगाराचा मुलगा ना, चाळीतला. ह्याला राजवाडा दाखवा, हा भेगाच मोजणार."

हशा. पडद्यावरचे गोरेही हसले, न कळता. मीही.

"साफ कर सगळं."

केलं. दहा मिनिटं लागली.

ती खाच कसली, मला माहीत होतं. भांडुपच्या चाळीत आमच्या शेजारी रिबेकामावशी राहायची. बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू; अलिबागकडची. तिच्या दाराच्या उजव्या चौकटीवर तिरकी डबी होती, आत धर्मवचनाची गुंडाळी. मेझुझा. जाता-येता मावशी तिला बोटं लावायची, मग ती बोटं ओठांना. इस्रायलला गेली तेव्हा डबी काढून नेली. चौकटीत खाच राहिली. पोलंडच्या दारांवर तीच खाच. फक्त तिथली माणसं आपणहून गेली नव्हती. नाझींनी त्यांना मारायला नेलं होतं.

एवढं माहीत असून गप्प बसलो. मला पुन्हा चाळीतला व्हायचं नव्हतं.

मावशीचा अजून फोन येतो.

"काय काम करतोस रे बाबा हल्ली?"

"जुन्या इमारती वाचवतो, मावशी."

"बरं करतोस हो."

गेल्या महिन्यात त्याच शहरातली दुसरी इमारत आली. पुन्हा खाचा. मी दाखवल्या. साहेब टेबलाशी आले.

"परत ओरखडे?"

"ओरखडे नाहीत. इथे ज्यू माणसं राहत होती, त्याची खूण आहे. मी काढणार नाही."

"तुला कोणी विचारलंय?"

"नाही ना. म्हणून सांगतोय."

"दुसऱ्याकडून करून घेईन."

"घ्या. त्यालाही सांगेन. आणि साहेब, माझा बाप गिरणीत होता. भेगा मोजता येतात मला."

कोणी हसलं नाही.

काम माझ्याकडून गेलं. मी फोटोंसकट थेट पोलंडच्या माणसांना पत्र पाठवलं. उत्तर आलेलं नाही. पुन्हा पाठवेन.

पण त्या पत्रात फक्त दुसरी इमारत आहे. पहिलीचं हॉटेल झालं. चौकटी तासून रंगवल्या, माझ्या नकाशाप्रमाणे. सतरा. त्या मी पुसल्या, हे स्वतःच्या नावानिशी लिहायचं राहिलंय. मावशीलाही सांगायचं राहिलंय.

आधी मावशीला.