उजव्या चाकावरची काळी भुकटी

पोळ्याची कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस: गाडी सर्व्हिसिंगला दिली, ‘ब्रेक तपासले, ठीक’ असा शेरा मिळाला. जबाबदार: खाली सही करणारे वर्कशॉपचे पर्यवेक्षक. घटस्थापना: पुढचे उजवे चाक काळे पडते, अशी तक्रार मी केली, चाक न उघडता गाडी परत मिळाली. जबाबदार: तेच पर्यवेक्षक, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारा मी. दसऱ्यानंतरचे दोन महिने: वर्कशॉपच्या व्यवस्थापकांना माझी तीन पत्रे, तीन पोचपावत्या, उत्तर एकाचेही नाही. जबाबदार: व्यवस्थापक.

घटस्थापनेला पर्यवेक्षकांनी मला सांगितले होते, “काका, काळी माती होय ते. वावरात गाडी नेता अन् आमाले इचारता!” आमच्या वाशीम भागात काळ्या मातीचे नाव घेतले की कोणीही गप्प बसतो. मीही बसलो. ही चूक मी लपवत नाही.

गाडी चालवते माझी सून. अनसिंगच्या शाळेत ती शिक्षिका आहे; सोबत आणखी दोन शिक्षिका असतात. दसऱ्याच्या पूजेसाठी गाडी घरच्यांनीच धुवायची, असा आमच्याकडे रिवाज आहे. म्हणून आदल्या दिवशी सकाळी चारही चाके मी हाताने घासली. सून डांबरी रस्त्याने शाळेत गेली आणि दुपारी परतली. पुढचे डावे चाक स्वच्छ होते. उजव्यावर पुन्हा काळा थर. हात जवळ नेला, तर धग लागली. डाव्याला तशी धग नव्हती.

जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक मी कागदात गुंडाळले. अंगणातल्या मातीतून चार-दोन कण चिकटले. चाकावरच्या भुकटीने मात्र त्याला मिशा फुटल्या. माती नव्हे, लोखंड झिजत होते.

बायको म्हणाली, “उद्या पूजा हाय, अन् तुमी चाकाले काय चुंबक लावून राह्यले?”

मी तडक वर्कशॉप गाठले. पर्यवेक्षक हसले. “चुंबक घेऊन आले काका! सोनं सापडलं काय?”

“चाक काढा. मी इथेच उभा आहे.”

चाक निघाले. कॅलिपर, म्हणजे ब्रेकचा चिमटा, त्याच्या पिना सुकून अडकला होता. पाय काढला तरी ब्रेक सुटत नव्हता. आतला पॅड झिजून त्याचा पत्रा डिस्कला घासत होता. डिस्कवर बोट अडकेल असे चर पडले होते.

“वेळेवर आणली तुमी,” पर्यवेक्षक म्हणाले. “नशीब समजा.”

वेळेवर मी ती पोळ्याच्या करीलाच आणली होती! मधल्या काळात तीन बाया त्या गाडीतून रोज गेल्या-आल्या, त्या या सहीच्या भरवशावर. घरी सांगितले, तेव्हा सून एवढेच म्हणाली, “बाबा, परवा एक म्हैस आडवी आली होती. गाडी एकदम उजवीकडे ओढली गेली. मला वाटलं, माझंच चुकलं.”

तिने स्वतःला दोष दिला, हे मला सर्वांत असह्य झाले.

पिना मोकळ्या झाल्या, पॅड आणि डिस्क नवे बसले. गाडी आता सरळ थांबते. त्यावर माझी तक्रार संपली, असे व्यवस्थापकांनी समजू नये. चाक न काढता ‘ब्रेक ठीक’ असे लिहिले गेले की नाही? त्याच दिवशी, त्याच सहीने आणखी किती गाड्या रस्त्यावर गेल्या, आणि त्यांच्या मालकांना कळवले काय? खासगीत, चहा पाजून दिलेले उत्तर मी स्वीकारणार नाही. व्यवस्थापकांनी ते वर्कशॉपच्या दर्शनी फलकावर, स्वतःच्या सहीनिशी लावावे.