भिंतीला खिळा नाही

मामलेदारीणबाईंनी कधी माणसाला गोंजारलं नाही. भिंतीला मात्र रोज. मामलेदारीणबाई हे नाव मी आणि बायकोने ठेवलेलं. खरं तर त्या न्यूझीलंडमधल्या पोरिरुआजवळच्या निराधार म्हाताऱ्यांच्या धर्मादाय घराच्या मॅनेजर. कुणा श्रीमंत इंग्रजाने आपल्या गावच्या पद्धतीने बांधलेली सहा खोल्यांची बैठी चाळच ती. आत रिमू या तिथल्या देशी झाडाच्या लाकडाच्या भिंती, सरकारी वारसा यादीत नोंद. पुण्याहून शिकायला आलेला मी २०१३ साली तिथे डागडुजीच्या कामाला लागलो. पहिल्याच दिवशी बाईंनी माझा हात धरून लाकडावरून फिरवला. "ही तुझ्या आजोबांपेक्षा वयाने मोठी आहे. हिला खिळा नाही."

तिथला एक रिवाज होता. सकाळी आठपर्यंत प्रत्येकाने आपल्या खिडकीचा पडदा उघडायचा. नाही उघडला, तर किल्ली घेऊन बघायला जायचं.

चार नंबरच्या बेटीआजींचा न्हाणीघराच्या पायरीवर तोल जायचा. "धरायला एक दांडा लावशील का रे?" म्हणाल्या. "स्वीट ॲज, आजी!" असं तिथल्या बोलीत 'अगदी आनंदाने' म्हणत मी लावलाही. बाईंनी त्याच दुपारी आजींच्या देखत तो काढायला लावला, भोकं बुजवायला लावली. "बेटी, तू जाशील. भिंत राहील." आजी बिचाऱ्या कसनुशा हसल्या. असा संताप आला! पण माझे व्हिसाचे कागद बाईंच्या सहीवर अडलेले. मुकाट्याने भोकांत पुट्टी भरली.

पंधरवड्यात आजींचा पडदा उघडला नाही. पायरीखाली पडल्या होत्या. बाईंनी आधी भिंतीवरून हात फिरवला, ओरखडा नाही ना ते पाहिलं, मग खाली वाकल्या. आजी हॉस्पिटलातून परत आल्या नाहीत.

खोटं कशाला बोलू, लाकूड ओळखायला मला बाईंनीच शिकवलं. काही वर्षांनी निवृत्त होताना मॅनेजरकी आणि किल्ल्या माझ्याच हातात दिल्या. मागेपुढे कुणी नव्हतं, म्हणून स्वतः चार नंबरमध्ये राहायला आल्या.

पुढच्या हिवाळ्यात काठी टेकत ऑफिसात आल्या. "पायरीपाशी एक दांडा लाव. प्लीज." त्यांच्या तोंडून प्लीज मी प्रथमच ऐकलं. मला बेटीआजी आठवल्या, आणि बरं वाटलं हो, फार बरं वाटलं.

"बाई, तुम्ही जाल. भिंत राहील."

त्यांनी काठी दाराकडे वळवली. मग म्हणाल्या, "चांगला शिकलास."

त्याच आठवड्यात आठ वाजून गेले तरी चार नंबरचा पडदा बंद. मी दार उघडलं. बाई पायरीखाली पडलेल्या, जिवंत, डोळे माझ्यावर. आणि माझा हात आधी भिंतीवरून फिरला.