घणकाकांच्या वूफरची गुरगुर

घणकाकांची व माझी ओळख प्रौढांच्या साक्षरता वर्गात झाली. आम्ही एकाच बाकावर बसत असू. वर्गात येण्याचे माझे कारण साधे होते : लहानपणी मला कोणी शाळेत घातले नाही. त्यांचे कारण निराळे होते. त्यांनी उभी हयात लोखंडाच्या कारखान्यात यंत्रावर चालणाऱ्या घणाजवळ काढली आणि त्या घणाने हळूहळू त्यांचे कान नेले. घरची माणसे त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलू लागली, तेव्हा सर्वांच्या ध्यानात आले की त्यांना वाचता येत नाही.

पहिल्या दिवशी शिक्षिकेने विचारले, "काका, ऐकू येत नाही, तर शिकणार कसे?" प्रश्न त्यांना ऐकू गेला नाही, परंतु तिच्या चेहऱ्यावरून त्यांनी तो ओळखला व म्हणाले, "बाई, तुम्ही फळ्यावर मोठ्यानं लिहा म्हणजे झालं." सारा वर्ग हसला. ते वयाने माझ्याहून लहानच असतील, तरी इतरांप्रमाणे मीही त्यांना घणकाका म्हणू लागले.

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघे त्यांच्या घरी बसून धडा उतरवून काढत असू. तेथे मी तो वूफर प्रथम पाहिला. गुडघ्याएवढ्या उंचीचा काळा लाकडी खोका, समोर गाण्यातले जड ठोके घुमवणारा मोठा भोंगा, आणि त्या भोंग्याला जोर देणारा अ‍ॅम्प्लिफायरही त्याच खोक्याच्या पोटात. त्यांच्या मुलाने तो हौसेने आणला होता. खोक्याशेजारी काकांची खुर्ची असे. संध्याकाळी काकू, म्हणजे त्यांची पत्नी, काकांच्या पाठीमागच्या कपाटातल्या यंत्रावर जुनी गाणी लावीत आणि काम करता करता स्वतःही गुणगुणत. काका चप्पल काढून उजवे पाऊल खोक्यावर ठेवीत आणि डोळे मिटून घेत. त्यांची नात विचारी, "आजोबा, कुठलं?" तिचे ओठ पाहून ते गाण्याचे नाव सांगत. ते बहुतेक वेळा बरोबर असे. एकदा चुकले तेव्हा म्हणाले, "आज पायात मोजा आहे, कमी ऐकू येतंय."

मग एके दिवशी वूफरमधून जळका वास आला आणि तो बंद पडला.

काकूंच्या धाकट्या भावाचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. तो घरी येऊन जमिनीवर बसला व त्याने खोक्याची मागची पाटी उघडली. त्या दिवशी मी तेथे होते.

"आक्का, वास घे बघ, काय खरपूस भाजलंय."

"मी कशाला घेऊ? परवा घरभर घेतलाय."

काकांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, तर त्यांना थोडे समजे. मेहुणा ओरडला, "भाऊजी, दोन रस्ते आहेत! भोंगा ठणठणीत आहे, खोकाही चांगला आहे. जळलंय ते अ‍ॅम्प्लिफायरचं बोर्ड. जळके भाग तेवढे बदलतो, चालू होईल, पण किती दिवस ते विचारू नका. नाहीतर ट्रान्सफॉर्मरसकट आतलं सगळं काढतो आणि नवं बसवतो. खोका जुना, आतडी नवी!"

काकांनी विचार केला. "पहिल्यात ट्रान्सफॉर्मर हाच राहील?"

"हाच! तापणारा, गुरगुरणारा, हाच!"

"मग पहिलंच कर."

काकू म्हणाल्या, "असं काय करतायत हे? चिकटपणा कशाला? तू काही पैसे घेणार आहेस का यांच्याकडून?"

"असं कोण म्हणालं?" मेहुणा म्हणाला.

काकांना कारण विचारले, तर ते सांगेनात. "राहू दे की जुनं," एवढेच म्हणत. तेव्हा सूनबाई बाहेर आली. तिने पाटी घेतली व लिहिले : बाबा, तो जळला त्या दिवशी छोटी त्याला टेकून बसली होती.

काकांनी एकेका अक्षराखाली बोट धरून ते वाक्य वाचले. वाचून झाल्यावरही त्यांचे बोट बराच वेळ शेवटच्या शब्दाखाली होते. मग ते म्हणाले, "नवं बसव."

मेहुण्याने काम उत्तम केले. खोका तापेना, वास येईना. गुरगुर तर नावालाही उरली नाही. घरात सर्वांनी त्याची तारीफ केली. काकांनीही पाऊल ठेवून मान डोलावली.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. बाहेरच्या खोलीत काका एकटेच होते. डोळे मिटलेले, पाऊल खोक्यावर. मी समोर जाऊन उभी राहिले. माझी सावली पडली असावी. त्यांनी डोळे न उघडता हात वर केला.

"थांबा, पुढचं लागेल आता."

मी कान देऊन ऐकले. कसलाही आवाज नव्हता.

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "काय लागणार आहे? मी केव्हाच बंद केलंय. पानं वाढून आम्ही सगळे खोळंबलोय. किती हाका मारल्या..." आणि आपण काय बोललो हे उमजून त्या हात पुसत बाहेर आल्या.

मी काकांच्या खांद्याला हात लावला व पाटीवर लिहिले : बंद आहे. त्यांनी ते वाचले, मागे वळून कपाटाकडे पाहिले, पाऊल खाली घेतले आणि चप्पल घातली.

त्यानंतर त्यांनी सांगितले, "पूर्वी गाणं संपलं तरी पायाखाली गुरगुर असायची. म्हणजे अजून चालू आहे, मागे कोणीतरी बसलंय. ती थांबली की समजायचं, चला, जेवायची वेळ झाली. आता मधली शांतता आणि शेवटची शांतता, दोन्ही सारख्याच लागतात."

"अहो, मग तेव्हाच सांगायचं ना!" काकू त्यांच्या कानाशी ओरडल्या.

"काय सांगू? बिघाड तेवढा ठेवा म्हणून?"

मेहुण्याला निरोप गेला. तो आला आणि सगळे ऐकून डोक्याला हात लावून बसला. "जन्मभर लोक माझ्याकडे गुरगुर काढायला येतात. गुरगुर घालून द्या म्हणणारं हे पहिलंच गिऱ्हाईक!" परंतु तो मनाचा चांगला होता. जुना ट्रान्सफॉर्मर त्याने दुकानात ठेवलेला होता. "भाऊजी, तो नुसता गुरगुरण्यापुरता खोक्यात बसवून देतो! दुसरं काम नाही त्याला, पेन्शनीत!"

काका हसले. सूनबाई मुलीचा हात धरून दारात उभी होती. तिने फक्त खोक्याकडे पाहिले, आणि काकांनी तिच्याकडे.

"नको," ते म्हणाले. "आहे ते चांगलं आहे."

मग ते काकूंकडे वळले. ऐकू येत नसल्यामुळे ते नेहमी मोठ्याने बोलत, पण हे त्यांनी हळू सांगितले.

"गाणी बंद केलीस की माझ्या खांद्याला हात लावत जा."