मानकूच्या घरी चौदा टक्के

लालबागहून शीव कोळीवाड्याला मी पहिल्यांदाच एकटी निघाले. मांडीवर गाठोड्यात बांधलेला लेकीचा, वैशालीचा, लॅपटॉप होता आणि त्यात मानकूच्या नातीच्या बारशाची फिल्म. मानकूचा मुलगा आखातात असतो. त्याने फिल्म वैशालीकडे पाठवून कळवलं होतं, "नाव कुणी सांगू नका, आईला स्वतः ऐकू दे."

मानकू कोळीण माझी संपातली मैत्रीण. गिरण्या बंद होत्या, तेव्हाही माझ्या खानावळीत रोज मासळी घेऊन यायची. आता, मी निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी, तिचं पोटाचं मोठं ऑपरेशन होतं. त्याआधी नाव ऐकायचं, एवढाच तिचा हट्ट.

वैशालीने फिल्म उघडूनच दिली होती. "कोपऱ्यात बॅटरीचं चित्र आहे. त्यावर बाण नेलास की किती उरलीय ते दिसतं. ह्या कळांनी उजेड कमी-जास्त होतो. झाकण लावलंस की लॅपटॉप झोपतो." निघताना शंभर टक्के होते.

परळला बसच्या कंडक्टरने मी मांडीवर कवटाळलेल्या गाठोड्याकडे पाहिलं. "मावशी, डबा कुणाचा एवढा?"

"लॅपटॉप आहे," मी हळूच म्हटलं.

"मग उबवताय कशाला?"

मागच्या बायका हसल्या. मी दादर जाईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

कोळीवाड्यात गल्लीभर सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) पसरलेली. मानकू दारातच बसली होती. "ये गो बाय! वाट गावली?"

घरात सकाळपासून वीज नव्हती. मी गाठोडं सोडलं, तर लॅपटॉप तव्यासारखा तापलेला. भाकऱ्यांना घाम सुटू नये म्हणून झाकणाखाली फडकं घालायची माझी जुनी सवय. तसंच फडकं मी याच्याही झाकणात घातलं होतं. झाकण नीट लागलंच नाही. वाटभर तो जागाच राहिला. बाण नेऊन पाहिलं, चौदा टक्के.

फिल्म सुरू केली. बायकांच्या गप्पा, ओटी, घुगऱ्या. पुढे कसं सरकवायचं ते मला येत नव्हतं. नऊ. मी उजेड थोडा कमी केला. अगदी मंद केला तर मानकूला बाळ दिसणार कसं? पाच.

"का गो, सारखी काय बघतेस कोपऱ्यात?"

"बॅटरी संपत आलीय. उजेड विझवला तर थोडी टिकेल, पण तुला बाळ..."

"मना काय दिसतं गो? मोतीबिंदू झालाय. नुसतं पांढरं हलतंय. स्टोची वात करतेस तशी कर बारीक!"

इतका वेळ मी तिला विचारलंच नव्हतं. पडदा काळा केला. अंधारात दोघी डोकं लावून बसलो. पाळणा म्हणून झाला. मग कुणीतरी जोरात म्हणालं, "कुर्रर्र... मायरा!" टाळ्या पडल्या आणि मध्येच आवाज तुटला.

मानकू म्हणाली, "मायरा? ह्या नावाला बाजारात हाक कशी मारायची?" आणि टोपली डोक्यावर असल्यासारखी मान ताठ करून ओरडली, "ए मायराऽऽ!"

समोरच्या घरातून आवाज आला, "काय गो मानकूबाय, मायरा कशी दिली?"

मानकू पोट धरून हसली. मग पुन्हा हाक मारली, या वेळी हळू.

परतताना फडकं वेगळ्या पिशवीत ठेवलं. खानावळीत टोपात किती भात उरलाय ते मला झाकण न काढता कळायचं. पण समोरच्या माणसाला काय हवंय, ते अजून विचारावं लागतं, आणि मला तोंड उघडायला उशीर होतो.

घरी वैशालीने विचारलं, "मानकूमावशीने बघितली का मायरा?"

"बघितली नाही," मी म्हटलं, "पण हाक मारून झाली."