माफीचा जबाब

मोफत कायदा मदतीच्या पॅनेलवरच्या आम्हा वकिलांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर निरोप आला, ‘सुवार्ताताई आज सकाळी गेल्या. दफनविधी कोल्हारला.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली आणि त्या रांगेच्या मधोमध कुणीतरी विचारलं, ‘शनिवारी लोकअदालतीला ड्युटी कुणाची?’ मी तेव्हा केडगावला पेट्रोल पंपावर उभा होतो. मीही हात जोडले. खरं लिहायचं तर पहिल्यांदा मनात आलं ते दुःख नव्हतं. आता ही बाई मला कधीच माफ करणार नाही, एवढंच आलं. म्हणजे तिच्या मरणाच्या दिवशीही मला वाईट वाटलं ते माझंच.

ती पहिल्यांदा मला भेटली ती पक्षकार म्हणून. मोफत कायदा मदतीतून तिची केस माझ्याकडे आली होती. नवरा मारायचा, रात्रभर न्हाणीत कोंडायचा, आणि अशाच एका रात्री तिचं पोटातलं मूल गेलं होतं. साक्षीदाराला आधीच तयार करायची आमच्याकडे एक रीत होती. समोरचा वकील विचारील ते सगळे प्रश्न बाररूममध्ये आपणच आधी विचारायचे, तेही ओरडून, म्हणजे साक्षीदार पक्का होतो. मी तिला बाररूममध्ये बसवलं. आजूबाजूला सात-आठ वकील चहा पीत होते. “आधी दार लावलं की आधी लाथ मारली? किती महिन्यांचं होतं? मग ओरडली का नाहीस?” ती एकदा एक सांगायची, पुन्हा विचारलं की दुसरं. पलीकडून एक सीनियर हसत म्हणाले, “साक्षीदार कच्चा आहे रे, अजून भाज.” सगळे हसले... मीही हसलो. आणि खरंच अजून भाजलं.

कोर्टात उलटतपासणीला समोरच्या वकिलाने तेच प्रश्न विचारले, जवळजवळ माझ्याच शब्दांत. ती त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली आणि गप्प झाली. पुन्हा तोंड उघडलंच नाही. नवऱ्याविरुद्धचा तिचा अर्ज फेटाळला गेला. बाहेर व्हरांड्यात मी तिला म्हणालो, “तुझ्या तोंडाने घालवलीस केस.” तिचा भाऊ शेजारी उभा होता. तो मला “बरं साहेब” म्हणाला आणि तिला घेऊन कोल्हारच्या एसटीकडे गेला.

काही वर्षांनी ती आमच्याच कायदा मदत कार्यालयात विधी स्वयंसेविका म्हणून आली. मी ओळखलं नाही. तिने ओळखलं. “तुमी बसता त्याच कार्यालयात काम द्या म्हनून मीच सांगितलं,” ती म्हणाली, “तुमच्यापुढं बसनाऱ्या बाईला एकटं सोडायचं न्हाई म्हनून.” तेव्हापासून ती सगळ्यांची सुवार्ताताई झाली. बाई आली की ताई तिला आतल्या खोलीत न्यायची, दार लावायची, समोर न बसता शेजारी बसायची. बराच वेळ हळू आवाजात बोलणं चाले. मग मला बोलावणं. एकदा सांगून झालेलं मी पुन्हा विचारलं की म्हणायची, “झालंय ते. फुडं चला.” बायका तारखेला परत येऊ लागल्या, हे मला दिसत होतं. तरी बाररूममध्ये मी तिला ‘आमची सासू’ म्हणायचो.

मग आमच्यासाठी एक प्रशिक्षण झालं, मानसिक आघात झालेल्या पक्षकारांशी कसं वागावं याचं. पुण्याहून आलेल्या बाई पडद्यावर काही दाखवत होत्या, आम्ही मागे जांभया देत होतो. ताई उठली.

“वकीलसाहेब, या फुडं. बसा या खुर्चीत. तुमचे वडील कसे वारले?”

सगळ्यांना माहीत होतं. मोटारसायकल मी चालवत होतो.

“स्पीड किती हुता? ट्रक कुठनं आला?”

“डावीकडून.”

“आधी कोन पडलं? पानी मागितलं का त्यांनी? तुमी दिलं का?”

“समोरून ट्रक आल्यावर मी...”

“मघाशी डावीकडनं म्हनला. आता समोरनं? पटापट सांगा, लोकं बसल्यात.”

मागे कुणीतरी हसलं. रोज डोळ्यांपुढे येणारी ती गोष्ट, आणि मला ट्रक कुठून आला ते आठवेना. ताई सभागृहाकडे वळली. “हे खोटं बोलत न्हाईत. असंच हुतं मानसाचं.” मग मला म्हणाली, “जावा, चा घ्या.” त्या दिवसानंतर कित्येक महिने मी तिचा द्वेष केला. ती चुकली असती, तर तो अजून टिकला असता.

तिच्या आजारपणात दवाखान्यात गेलो, संत्री घेऊन. भावजय शेजारी बसली होती. मी म्हणालो, “ताई, एक बोलायचं होतं. त्या वेळी बाररूममध्ये मी जे...”

“माझ्याकडनं आता माफीचा बी जबाब घ्यायचाय का, वकीलसाहेब?”

“नाही, फक्त...”

“मंग कशाला काढता? तुमाला हलकं वाटावं म्हनून मी परत त्या न्हानीत जाऊ?”

तिने भिंतीकडे तोंड केलं. भावजयीला म्हणाली, “ती संत्री त्या पल्याडच्या म्हातारीला दे.” माझ्यादेखत दिली. ती आमची शेवटची भेट.

मागच्या आठवड्यात पाथर्डीकडची एक मुलगी कार्यालयात आली. ओठ फुटलेला, एक डोळा सुजून मिटलेला. मी तिला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि तिच्या शेजारी बसलो. ती खुर्चीच्या काठावर सरकली.

“हितं कोनी बाई न्हाई का?”

“होती,” मी म्हणालो.

“मंग मी येते नंतर.”

ती उठली. मी तिला थांबवायला हवं होतं. पण अशा वेळी काय बोलायचं, ते मला येत नव्हतं. इतकी वर्षं ताई याच खोलीत बायकांशी हळू आवाजात बोलत होती, आणि मी बाहेर बसून दुसऱ्या केसचे कागद चाळत होतो. ती त्यांना काय सांगायची, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. मुलगी गेली. अजून आलेली नाही.