देखणी गाठ

राजधानीतल्या द्वारका भागात, आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणारे एक गृहस्थ एका इस्पितळात काम करतात. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा, पेशंट टेबलावर असतानाच, त्यांच्याकडे येतो. त्याला चमकणारा रंग लावून ते यंत्राखाली ठेवतात आणि रोग कडेपर्यंत पोचलाय का, हे पडद्यावर चहूबाजूंनी फिरवून बघतात. तुकड्याशी ते अदबीनं बोलतात, "या, बसा. आता हलू नका." हाताची ही सवय घरीही सुटत नाही. भाजीच्या गाडीवर एकेक वांगं ते इतक्या वेळा फिरवतात की भाजीवाला विचारतो, "भाईसाहब, रिश्ता तय करना है क्या?"

गेल्या हिवाळ्यात माझ्या बायकोच्या स्तनातली गाठ काढली, ती त्यांच्याकडेच गेली. मला दुसरीकडे कुठे थांबवेना, म्हणून मी त्यांच्या दाराशी उभा होतो. आतून त्यांचा फोनवरचा आवाज आला, "सर, नीचे का किनारा साफ नहीं है. थोड़ा और निकालिए."

पलीकडे सर्जन चिडले असावेत. हे शांतपणे म्हणाले, "तीन बार घुमाया है, सर. अभी टाँके मत लगाइए."

सर्जनांनी आणखी थोडं काढलं. या खेपेला कड साफ निघाली.

मग ते बाहेर आले आणि माझा हात धरून भारावल्यासारखे म्हणाले, "वहिनींची गाठ फार देखणी होती हो!"

मी "थँक्यू" म्हणालो.

संध्याकाळी हिला ते सांगितलं. गुंगीतच ती पुटपुटली, "वीस वर्षांत तुला नाही जमलं असं काही बोलायला."