झील ऐकवायची राहिली

कॉलेजच्या श्रवण मंडळात मला पंधरा मिनिटं मिळाली होती. एका जुन्या शाहिराचा प्रसिद्ध पोवाडा नंतरच्या तीन गायकांनी आपापल्या कॅसेटवर कसा गायला, ते ऐकवून तुलना करायची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मुलुंडच्या त्या कॉलेजात मी कायम मागच्या बाकावर बसून दुसऱ्यांचं ऐकलं होतं. या वेळी माझ्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं आणि ते त्यांना पटावं असं फार वाटत होतं.

मुलगा लढाईत पडल्याचं आईला कळतं, त्या कडव्यात जुना शाहीर ओळ अर्ध्यावर सोडतो. मागे उभे असलेले झीलकरी ‘जी रं जी जी’ करत ती उचलतात. माझे वडील गिरणी बंद होईपर्यंत तिथल्या गणपतीत झील धरायचे, त्यामुळे मला ती जागा ठाऊक. सिनेमातल्या गायकाने तिथे व्हायोलिनं भरली होती. शास्त्रीय गायिकेने लांब तान घेतली होती. स्वस्तातल्या कॅसेटवरचा तिसरा गायक बेसूर, पण त्याने ती जागा झीलकऱ्यांना सोडली होती. पोवाडा कळला होता तो त्यालाच, हे मला सांगायचं होतं.

उसन्या आणलेल्या तिन्ही कॅसेटी मी आदल्या दिवशी बरोबर त्या कडव्याशी आणून ठेवल्या होत्या. वर्गात बटण दाबलं, तर अगदी सुरुवातीचं देवाचं नमन सुरू झालं. दुसरी लावली, नमन. तिसरी लावली, पुन्हा नमन.

“झकास! आरती पण घेऊया ना यार,” मागून कोणीतरी म्हणालं.

हे कोणी केलं असणार, ते माझ्या लक्षात आलं. उसनी आणलेली कॅसेट सुरुवातीला आणूनच परत करायची, अशी आमच्या चाळीत रीत होती. संध्याकाळी घरी विचारलं तेव्हा वडील म्हणाले, “लोकांची वस्तू ती, अशी अर्धवट कशी परत देवची? मीच पेन्सिलीन फिरवन ठेवलंय.” त्यांच्यावर चिडायचं तरी कसं?

वर्गात मात्र मी नुसता घामाघूम. टेप पुढे पळवली तर लढाई संपलेली, मागे आणली तर घोडे अजून निघतच होते. सर घड्याळ बघायला लागले.

“सर, मीच म्हणून दाखवू?” मी कसंबसं विचारलं.

मी व्हायोलिनं तोंडाने वाजवली. तानही घेतली. वर्ग खूश. मग तिसऱ्या गायकासारखी ओळ अर्ध्यावर सोडली आणि थांबलो. कोणीतरी उचलेल, निदान एक जण तरी, असं मला खरंच वाटलं होतं.

“विसरला रे!” कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. मी घाईघाईने समजावायला लागलो, पण वेळ संपली होती.

बाहेर मंडळाची सेक्रेटरी धावत आली. “काय भन्नाट केलंस रे! गॅदरिंगला मिमिक्रीत तुझं नाव टाकते.”

“पण ती झील...”

“कसली झील?”

मी सांगायला तोंड उघडलं, तोवर ती पुढच्या मुलाकडे वळली होती. मिमिक्रीत माझं नाव लागलं. आठवडाभर लोक मला जिन्यात अडवून व्हायोलिन वाजवायला सांगत होते.